नियम क्रमांक चार आणि माझी जिलबी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या अंकात तुम्ही वाचकांसाठी फोटो स्पर्धा जाहीर केलीत, विषय 'माझं इंदूर', वाचून इतका आनंद झाला की चहा तसाच ठेवून आधी कात्रण कापलं. फ्रिजवर लावता लावता नियम क्रमांक चारवर नजर गेली आणि चुंबक हातातच राहिला. फोटो एडिट केलेला नसावा, कॅमेऱ्यातून निघाला तसाच पाठवावा. हे पत्र फक्त त्या एका ओळीबद्दल आहे, लांबलंय याची कल्पना आहे, कापायचं असेल तर मधलं कापा, शेवटचं नका कापू.

मी रामबागेत राहते. छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. भाच्याने नवा कॅमेरा घेतला आणि जुना मला दिला, म्हणाला मावशी तुला आता वेळच वेळ आहे. पहिले सहा महिने मी सगळं ऑटोवर काढत होते, तुळस, मांजर, परत तुळस. मग दिवाळीला तो घरी आला, फोटो पाहिले आणि म्हणाला मावशी तू रॉमध्ये काढून बघ नं. मी म्हटलं कच्चं कशाला बाबा, शिजलेलं काय वाईट आहे? आणि आमच्या ह्यांनी पेपरातून डोकं वर काढून विचारलं की तू गुप्तहेर खात्यात कधी लागलीस. तर अशी सुरुवात. म्हणजे मी काही तज्ज्ञ नाही, दीड वर्षाची विद्यार्थिनी आहे, पण या दीड वर्षात जे कळलं त्यावरून तुमचा नियम मला पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगते.

'कॅमेऱ्यातून निघाला तसाच' म्हणजे नक्की कसा? कॅमेऱ्याच्या सेन्सरला मुळात रंग कळतच नाही, त्याला फक्त उजेड किती पडला एवढं कळतं. म्हणून त्याच्यावर रंगीत फिल्टरची बारीक जाळी बसवलेली असते, दर चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा, कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांचं हे काम, पेटंट १९७६ चं, आणि आजही बहुतेक कॅमेऱ्यांत तीच जाळी आहे. आता गंमत बघा, प्रत्येक ठिपक्याला स्वतःच्या एकाच रंगाचा आकडा माहीत असतो, उरलेले दोन रंग आजूबाजूच्या ठिपक्यांवरून हिशोब करून भरायचे असतात. म्हणजे फोटोतले दोन तृतीयांश आकडे अंदाजाने भरलेले! मला हे कळलं तेव्हा मी भाच्याला रात्री साडेदहाला फोन केला होता. त्यानंतर पांढरा रंग कुठला धरायचा ते ठरतं, कॉन्ट्रास्ट वाढवला जातो, कडा धारदार केल्या जातात, खरखरीत दाणे पुसले जातात, आणि मग सगळं दाबून छोटी जेपेग फाइल बनते आणि जे उरतं ते कॅमेरा टाकून देतो. आपण बटन दाबून मान वर करेपर्यंत हे सगळं उरकलेलं असतं. म्हणजे एडिटिंग झालंच की हो, फक्त ते मी नाही केलं, जपानमधल्या कुठल्यातरी इंजिनिअरने आधीच ठरवून ठेवलं, आणि त्या भल्या माणसाने आपला सराफा बाजार बघितलेला नाही. मोबाइलचं तर विचारूच नका, आजकालचे फोन एका क्लिकमधे पटापट अनेक फोटो घेतात आणि त्यांचा मिळून एक करतात, आकाश वेगळं, चेहरा वेगळा. तुमच्याकडे बहुतेक फोटो मोबाइलचेच येणार आहेत. नियम चार काटेकोर लावला तर त्यातला एकही पास होत नाही.

रॉ म्हणजे यातलं काहीही करायच्या आधीचे आकडे. जेपेगमधे प्रत्येक रंगाला काळ्यापासून उजळापर्यंत २५६ पायऱ्या, आठ बिट म्हणजे दोनचा आठवा घात. चौदा बिटच्या रॉमधे दोनचा चौदावा घात, १६,३८४. आणि त्यातही अर्ध्या, ८,१९२ पायऱ्या, एकट्या सगळ्यात उजळ स्टॉपमधे (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) असतात, त्याखालच्या स्टॉपमधे ४,०९६, त्याखाली २,०४८, असं निम्मं निम्मं होत जातं, ज्याला आम्ही वर्गात गुणोत्तर श्रेणी म्हणायचो आणि मुलं विचारायची की मॅडम हे पुढे कुठे कामाला येतं, तर बाळांनो, साठीनंतर येतं.

पण रॉ म्हणजे जादू नाही, ही माझी पहिली फजिती. मी ऐकलं होतं रॉमधे काढलं की काहीही सुधारता येतं. गेले राजवाड्याला, दरवाज्याच्या आत कमानीखाली उभी राहिले आणि तिथून बाहेर बागेकडे, अहिल्याबाईंच्या पुतळ्याकडे फोटो काढला. आत गुडुप अंधार, बाहेर एप्रिलचं ऊन. मी आतलं लाकूडकाम छान दिसेल असं एक्सपोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, ठेवलं, बाहेरचं घरी बघू म्हटलं. घरी येऊन हायलाइटचा, म्हणजे उजळ भाग उतरवायचा, स्लायडर ओढला, ओढला, शेवटपर्यंत ओढला, आणि आकाशाच्या जागी आली राखाडी चादर. उडालेलं, म्हणजे पार पांढरं झालेलं, ते उडालेलंच. जे सेन्सरने नोंदवलंच नाही ते कॉम्प्युटर आणणार कुठून, कोऱ्या पेपरला कोण मार्क देणार? पुढच्या रविवारी परत गेले, यावेळी दीड स्टॉप कमी, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर आतलं सगळं काळंठिक्कर दिसत होतं, शेजारी उभा असलेला एक कॉलेजचा मुलगा म्हणालासुद्धा की आंटी डार्क आ रहा है. घरी सावल्या उचलल्या आणि हळूहळू तुळया आल्या, खांबांवरची नक्षी आली, दाणे आले थोडे, पण आलं सगळं. आणि कॅमेऱ्याच्या मागे जो हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, दिसतो तो रॉचा नसतो, कॅमेऱ्याने मनातल्या मनात शिजवलेल्या जेपेगचा असतो, त्यामुळे तो उडालं उडालं म्हणून ओरडला तरी रॉमधे थोडं शिल्लक असू शकतं, हे कळायला मला चार महिने लागले, ते वेगळंच.

आता जिलबी.

सराफ्यात दिवसा सोन्याचांदीची दुकानं आणि ती बंद झाली की त्याच ओट्यांवर खायचे ठेले, हे इंदूरच्या माणसाला काय सांगायचं. डिसेंबरात गराडू, म्हणजे तळलेला कंद, खायला गेलो होतो, कॅमेरा गळ्यात. एक हलवाई कढईत जिलब्या सोडत होता, वर दोन पिवळे दिवे, खाली तुपाची वाफ. मी विचारलं भिया फोटो खींच लूँ? तो म्हणाला खींच लो आंटी, पर पेट अंदर करने का टाइम दो. काढला. रॉ आणि जेपेग दोन्ही मिळून काढायची सेटिंग असते, तशी ठेवली होती. घरी येऊन आधी जेपेग उघडली तर त्या माणसाचा पांढरा बनियन हळदीला बसल्यासारखा पिवळाधमक, चेहरा पिवळा, मागची भिंत पिवळी, जिलबी तर कुठे संपते आणि कढई कुठे सुरू होते तेच कळेना. ही तुमच्या नियमात बसणारी, शुद्ध, न एडिट केलेली फाइल. मी तिथे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, त्याचा बनियन पांढरा होता, मळका पण पांढरा. आपला डोळा दिव्याचा पिवळेपणा आपोआप वजा करतो, कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स ते कधी करतो कधी नाही करत. मग रॉ उघडली, व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर घेऊन बनियनवर टेकवला, एका क्षणात बनियन पांढरा झाला आणि जिलबी मेली. अगदी दवाखान्यातल्या ट्यूबलाइटखाली ठेवल्यासारखी. तेव्हा मागे आले, आकडा थोडा थोडा पिवळ्याकडे सरकवत नेला, बनियन किंचित उबदार, जिलबी केशरी, वाफ पांढरी, असं होईपर्यंत. अर्धा तास गेला असेल. ते झाल्यावर ह्यांना हाक मारली, हे येऊन बघून म्हणाले, हो, असंच होतं. संपादक साहेब, या दोनातला खोटा फोटो कुठला, ते तुम्हीच सांगा.

जेपेगवरही रंग सुधारता येतो थोडाफार, नाही असं नाही, पण पिवळेपणा त्या २५६ पायऱ्यांमधे एकदा घोटला गेला की ओढायला गेलं की चेहऱ्यावर पट्टे येतात. मी करून बघितलंय. गेरच्या, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या, वेळी तर चांगलीच अद्दल घडली. रंगपंचमीला एका नातेवाइकांच्या पहिल्या मजल्याच्या खिडकीत बसून, कॅमेऱ्याला दुधाची प्लास्टिकची पिशवी गुंडाळून, खाली टँकरमधून उडणारा रंग आणि गुलालाचे ढग टिपत होते. कार्डमधे जागा कमी म्हणून त्या दिवशी नुसती जेपेग ठेवली. गुलालाचा रंग इतका कडक असतो की बाकी सगळं एक्सपोजर ठीक दिसत असताना एकटा लाल चॅनल, म्हणजे लाल रंगाचा आकडा, उडून जातो, ढगाच्या आतले पापुद्रे, वळणं काहीच नाही, नुसता लाल कागद चिकटवल्यासारखा ठिपका. दोनशे फोटोंमधे तो ठिपका. पुढच्या गेरीला वर्षभर थांबायचं.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल बाई एडिटिंगच्या बाजूने वकिली करतायत. तसं नाहीये, एडिटिंगने माणूस बिघडतो हेही मी बघितलंय, आरशात. सुरुवातीचे तीन महिने मी जे काही केलं ते आता उघडवत नाही. आकाश निळं म्हणजे नीळ घातल्यासारखं निळं, झाडं पोपटी, क्लॅरिटीचा, म्हणजे बारकावे उठवायचा, स्लायडर शंभरवर, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांचे, म्हणजे होळकरांच्या समाध्यांचे, दगड असे टोकदार झाले की हात लावला तर कापेल. सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, हे आपल्या जिरावण मसाल्यासारखं आहे, पोह्यांवर चिमूटभर टाकलं तर इंदूर, मूठभर टाकलं तर नुसता ठसका. हे तेव्हा म्हणाले होते की हे आपलं गाव नाही, हे किराणा दुकानाचं कॅलेंडर आहे. मला राग आला होता. आता मी रात्री एडिट करते आणि सकाळी चहा घेताना परत बघते, निम्मं तरी मागे घेते. त्यामुळे तुमची भीती मला कळते, वाचक काहीबाही रंगवून पाठवतील, उज्जैनचा चंद्र आणून राजवाड्यावर चिकटवतील, आणि बक्षीस दिल्यावर तुमची शोभा होईल. पण त्यावर एडिटिंगबंदी हा उपाय नाही, कारण चंद्र चिकटवणारा थोडीच लिहून देणार आहे की मी चिकटवला.

उपाय रॉ फाइल आहे. ही गोष्ट मला सगळ्यात उशिरा कळली आणि सगळ्यात आवडली. रॉ उघडणारी जी सॉफ्टवेअर असतात, मी डार्कटेबल वापरते, ते फुकट आहे, रॉथेरपी म्हणून दुसरं आहे तेही फुकट, महिन्याला पैसे भरून घ्यायची पण आहेत, तर ही सॉफ्टवेअर मूळ फाइलला हातच लावत नाहीत. तुम्ही काय काय केलं, उजेड इतका वाढवला, पिवळा इतका कमी केला, त्याची यादी शेजारी एका छोट्या फाइलमधे लिहून ठेवतात आणि फोटो बाहेर काढताना ती यादी लागू करतात. आजीच्या पाककृतीच्या वहीसारखं, डब्यातलं पीठ तसंच राहतं. म्हणजे मूळ कायम शाबूत, केव्हाही दाखवता येतं, जुन्या काळी निगेटिव्ह दाखवायचे तसं. वर्ल्ड प्रेस फोटो ही एवढी मोठी स्पर्धा, तिथे शेवटच्या फेऱ्यांत पोचलेल्यांकडून मूळ फाइल मागून घेतात आणि ताडून बघतात. २०१५ साली शेवटून दुसऱ्या फेरीतले २० टक्के फोटो असे बाद झाले. तिथेही उजेड-रंग थोडा सुधारायला बंदी नाही, चित्रात नसलेलं घालायला आणि असलेलं पुसायला आहे.

आता तुमच्या बाजूचंही एक उदाहरण मला सापडलं, ते लपवत नाही. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने त्याच वर्षी, २०१५ च्या नोव्हेंबरात, आपल्या बाहेरच्या फोटोग्राफरना सांगितलं की रॉवरून बनवलेले फोटो पाठवू नका, कॅमेऱ्यातली जेपेगच पाठवा. कारण दिलं बातमीचा वेग आणि सच्चेपणा. वेगाचं मला मान्य आहे, दंगलीचा फोटो पाच मिनिटात हवा असेल तर तिथे कोण स्लायडर ओढत बसणार. पण सच्चेपणाचं नाही पटत, हळदीचा बनियन आठवतो. आणि तुमची स्पर्धा काही बातमी नाही, महिनाभर मुदत आहे.

शिवाय हे एडिटिंग म्हणजे आजकालचं खूळ, असं जे आपल्याकडे बोललं जातं त्याबद्दल पण थोडं. राजा दीनदयाळ, हिंदुस्थानातले एवढे नावाजलेले फोटोग्राफर, मूळचे सरधन्याचे, रुरकीला इंजिनिअरिंग शिकले आणि १८६६ साली नोकरीला कुठे लागले, तर आपल्या इंदुरात, बांधकाम खात्यात. कॅमेऱ्याचा नाद त्यांना इथेच १८७४ च्या सुमारास लागला, तुकोजीराव होळकरांनी पाठबळ दिलं. म्हणजे नोकरी सांभाळून शिकणारा हौशी माणूस, आपल्यासारखाच, असं म्हणायचं धाडस करते. त्या काळी काचेच्या ओल्या प्लेटेवर फोटो निघायचा, ती वाळायच्या आत धुवावी लागायची, मग त्यावरून कागदावर प्रिंट, आणि त्या प्रत्येक पायरीला कमी-जास्त करणं आलंच. आमच्या घरात माझ्या आजेसासूबाईंचा फोटो आहे, ब्लॅक अँड व्हाइटवर हाताने रंग भरलेला, साडी हिरवी, ओठ लाल, आणि सासूबाई सांगायच्या की त्यांनी ती हिरवी साडी आयुष्यात कधी नेसली नव्हती. स्टुडिओवाले निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून सुरकुत्या घालवायचे. त्याला कोणी खोटं नाही म्हटलं, भिंतीवर लावलं आणि हार घातला.

जे कोणी माझ्यासारखे नव्याने शिकतायत त्यांच्यासाठी दोन गोष्टी जाता जाता, कारण या मला कोणी सांगितल्या नाहीत. चुलत पुतण्याच्या मुंजीत मी हौसेने सहाशे फोटो काढले, सगळे नुसते रॉ, आणि उत्साहात त्याच रात्री पेनड्राइव्ह वहिनींच्या हातात दिला. सकाळी फोन, एकही फाइल उघडत नाहीये, तुमच्या कॅमेऱ्यात व्हायरस आहे का. दुसऱ्या वहिनींनी तोपर्यंत मोबाइलचे फोटो ग्रुपवर टाकून कौतुक मिळवून झालं होतं. मी नऊ दिवस बसून सहाशे फोटो बनवले, सातव्या दिवशी कळलं की एका उजेडातला एक फोटो नीट करून तेच बदल बाकीच्यांवर एकदम चिकटवता येतात. म्हणून समारंभात दोन्ही ठेवा, रॉ पण, जेपेग पण. आणि प्रिंट काढायला दिलेत तर स्क्रीनचा उजेड आधी कमी करा, माझा फुल्ल होता, म्हणून घरी झगझगीत दिसलेले फोटो कागदावर संध्याकाळचे आले, मी दुकानदाराशी भांडले आणि चूक माझी निघाली. जागा लागते हे खरं, माझ्या २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल २५-३० एमबीची होते, पण तुळशीचे चाळीस फोटो ठेवायचेच कशाला, हा प्रश्न आधी सोडवायचा.

तर माझी विनंती अशी की नियम चार बदलून साधारण असं लिहा, भाषा तुमची तुम्ही बघा: उजेड, रंग, कापणी, सरळ करणं एवढं चालेल, फोटोत नसलेली वस्तू घालायची नाही, असलेली पुसायची नाही, निवड झाली तर मूळ फाइल दाखवावी लागेल, कॅमेरावाल्यांनी रॉ आणि मोबाइलवाल्यांनी फोनमधली पहिली, न छेडलेली फाइल. मोबाइलमधे पण रॉ निघतो, अँड्रॉइडमधे २०१४ पासून आणि आयफोनमधे २०१६ पासून सोय आहे, सगळ्या हँडसेटवर नसते, म्हणून त्यांना सक्ती करू नका. आणि ताडून बघायला कोणी माणूस नसेल तर मी येऊन बसते दोन दुपारी, पेपर तपासायची सवय आहे, मानधन नको, चहा पुरे. मग अर्थात मला भाग घेता येणार नाही, ते चालेल.

नियम बदलणार नसाल तरी हरकत नाही, मग मी भाग घेणार. ती हळदीची जिलबी पण जपून ठेवलीये, नियमात चोख बसते, तीच पाठवीन.

आपली एक वाचक,
रामबाग, इंदूर